झाडू, दगड आणि आमचे आबा
(१९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता, ‘परदेशातील माझी वाटचाल’. वेळ वीस मिनिटं. असा विषय दिला की माणूस नोकऱ्यांची यादी वाचतो, मग मुलांची शिक्षणं सांगतो आणि शेवटी घराचा फोटो दाखवतो. माझी नोकरी रस्त्याखालची माती तपासण्याची होती. त्यात तुम्हाला रस असायचं कारण नाही, आणि निवृत्त झाल्यापासून मलाही फारसा उरलेला नाही. म्हणून संयोजकांची परवानगी न घेताच विषय बदलतो. मी एका खेळाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव कर्लिंग. केस कुरळे करण्याशी त्याचा काही संबंध नाही. माझ्या डोक्याकडे बघून तशी शंका कुणाला येणारही नाही म्हणा.

पीटीचे सर हसतायत. सरांनी मला चार वर्षं कबड्डीच्या संघात घेतलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी होतोच काडीसारखा. सामन्याच्या वेळी सगळ्यांचे डबे आणि चपला सांभाळणं हे माझं काम. तोच मी आज सव्वीस वर्षं एका क्लबच्या लीगमध्ये खेळतोय, आणि गेली काही वर्षं तर कप्तान आहे. सर, पत्ता लिहून देतो, येऊन बघा.

मी १९९८ च्या ऑक्टोबरात कॅनडातल्या विनिपेग शहरात गेलो. नकाशात कॅनडाच्या मधोमध बोट ठेवा, थोडं खाली सरका, तिथे. रेड आणि असिनिबॉइन अशा दोन नद्यांचा तिथे संगम आहे. पहिल्याच रविवारी मी तो बघायला गेलो. आपल्या प्रीतिसंगमाला कृष्णा आणि कोयना जशा समोरासमोर येऊन गळाभेट घेतात तसं तिथे काही नाही, एक नदी दुसरीला बाजूने मुकाट येऊन मिळते. पण संगम तो संगम. डिसेंबरात परत गेलो तर नदीच नव्हती. पांढरा रस्ता होता आणि त्यावरून लोक चालत होते.

तिथला हिवाळा कसा असतो हे सांगून समजत नाही. उणे तीस म्हटलं तर तुम्ही ‘अरे बापरे’ म्हणाल आणि चहा प्याल. खरा त्रास थंडीचा नसतोच. घरं गरम असतात. त्रास असा की पाच महिने माणूस दिसत नाही. शेजारी गॅरेजमधून गाडीत बसून जातो, गॅरेजमध्येच उतरतो. आमची बायको, म्हणजे तुमची वहिनी, पहिल्या जानेवारीत मला म्हणाली, “आज तीन दिवस मी तुमच्याशिवाय कुणाशी बोललेले नाही, आणि तुम्ही काही फार बोलत नाही.” गणपतीला जमणारी मराठी कुटुंबं होती, नाही असं नाही, पण गणपती सप्टेंबरात उरकतो.

त्या जानेवारीत शेजारच्या गृहस्थांनी दार वाजवलं. वय साठीच्या पुढे, पूर्वी गव्हाची शेती केलेली, आता जमीन मुलाला देऊन शहरात आलेले. म्हणाले, “आमच्या संघात आज एक माणूस कमी आहे. तुला झाडता येतं का?” मी म्हटलं, येतं. शाळेत आठवड्याला एक पाळी असायची, वर्ग झाडायची. त्यांना ते कळलं नाही, मला त्यांचं कळलं नाही, आणि आम्ही निघालो.

ह्या गृहस्थांना मी पुढे आबा म्हणू लागलो. तिकडे लहानथोर सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, आणि माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला तशी हाक मारायला माझी जीभ वळेना. आबा म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांना आधी स्वीडनचा तो गाणाऱ्यांचा चमू आठवला. मग म्हणाले, चालेल.

आता खेळ सांगतो. एक लांबलचक बर्फाची पट्टी डोळ्यासमोर आणा. सुमारे पंचेचाळीस मीटर लांब आणि पाच मीटरला थोडी कमी रुंद. आपल्या शाळेच्या व्हरांड्याएवढी म्हणा. दोन्ही टोकांना बर्फाखाली रंगवलेली मोठी वर्तुळं, एकात एक. सगळ्यात बाहेरच्या वर्तुळाचा व्यास बारा फूट. ह्या वर्तुळांना म्हणतात ‘हाउस’, म्हणजे घर. एका टोकाकडून दगड घसरवायचा आणि दुसऱ्या टोकाच्या घरात, मध्याच्या जितक्या जवळ जाईल तितका न्यायचा. संघात चार जण, प्रत्येकाचे दोन दगड, आळीपाळीने एक आमचा, एक त्यांचा. सोळा दगड झाले की एक डाव संपला. मध्याच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड, गुण त्याच संघाला. समोरच्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आपले जितके दगड आत, तितके गुण. क्लबमध्ये असे आठ डाव खेळतात, दोन तास लागतात.

म्हणजे ह्यात थोडं गोट्यांचं अंग आहे, थोडं कॅरमचं. समोरच्याचा दगड उडवता येतो, आपल्या दगडापुढे पहारेकरी उभा करता येतो, एकाला धक्का देऊन दुसरा आत सरकवता येतो. फक्त इथला स्ट्रायकर एकोणीस-वीस किलोचा आहे. आपल्या जात्याची वरची तळी असते ना, तसा दिसतो हा दगड, वर खुंट्याच्या जागी मूठ. पहिल्यांदा हातात धरला तेव्हा मला आजीची आठवण झाली. चांगले दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्यासमोरच्या एल्सा क्रेग नावाच्या ओसाड बेटावरच्या ग्रॅनाइटचे. एकेक दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. खेळही स्कॉटलंडचाच, तिथे एका तळ्यात सापडलेल्या दगडावर १५११ हे साल कोरलेलं आहे. आपल्याकडे विजयनगरात तेव्हा कृष्णदेवराय राज्य करत होता.

बर्फ गुळगुळीत असेल अशी तुमची कल्पना असेल. माझीही होती. प्रत्यक्षात सामन्याआधी एक माणूस पाठीवर फवारणीच्या पंपासारखी टाकी घेऊन उलट्या पावलांनी चालत जातो आणि बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडतो. अगदी सकाळी अंगणात सडा घालावा तसे. थेंब जागच्या जागी गोठतात, बर्फावर बारीक पुरळ येतं. दगडाचा तळ खोलगट असतो, त्याची फक्त एक अरुंद कड त्या पुरळावर टेकते आणि म्हणून तो पळतो. सडा नसेल तर दगड अर्ध्या वाटेत बसकण मारील.

सोडताना मुठीला हलका पीळ द्यायचा. मग दगड स्वतःभोवती सावकाश फिरत जातो आणि वेग कमी झाला की वळायला लागतो, म्हणून खेळाचं नाव कर्लिंग. विज्ञानाच्या बाई इथे आहेत म्हणून हे मुद्दाम सांगतो. घरी टेबलावर एक पेला पालथा घाला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पीळ देऊन पुढे ढकला. तो डावीकडे वळेल. कर्लिंगचा दगड तसाच पीळ दिला तर उजवीकडे वळतो. असं उलटं का होतं ह्यावर शास्त्रज्ञांचे निरनिराळे सिद्धान्त आहेत आणि अजून त्यांचं एकमत झालेलं नाही. चारशे-पाचशे वर्षं माणसं खेळतायत, आणि दगड का वळतो ह्यावर अजून भांडण चालू आहे. मला हे फार आवडतं.

आणि झाडणं. दगड निघाला की दोघं जण त्याच्या पुढे वाकून बर्फ घासत पळतात. घासल्याने बर्फाचा वरचा थर किंचित गरम होतो, घर्षण घटतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. पट्टीच्या त्या टोकापर्यंत पोचायला त्याला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात छाती भात्यासारखी चालायला लागते. आईला फोनवर सांगितलं, आज दोन तास झाडलं आणि अंग मोडून आलं. ती म्हणाली, “एवढं शिकून कॅनडात जाऊन झाडू मारतोस?” तिची समजूत काढता काढता कार्ड संपलं.

एक गंमत राहिली. आता ब्रश वापरतात, पण आबांच्या तळघरात त्यांच्या तरुणपणचा झाडू टांगलेला होता. त्याला तिकडे ‘कॉर्न ब्रूम’ म्हणतात. मला वाटलं मक्याचा. हातात घेऊन पाहिला तर तुरे ओळखीचे. ते ज्वारीच्या कुळातलं पीक आहे. विनिपेगच्या तळघरात ज्वारीच्या भाऊबंदांनी भेटावं! आबांना मी आपल्याकडची भाकरी सांगितली. त्यांनी विचारलं, “तुम्ही झाडू खाता?”

हा खेळ कॅनडात मध्यभागच्या प्रांतांतच एवढा का रुजला, ह्याचं कारणही आबांनीच सांगितलं. गहू निघाला की शेतकऱ्याला नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत काम नाही. बर्फ फुकट. स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी खेळ आणला होताच. मग गावागावात धान्याचं कोठार, चर्च आणि कर्लिंगचं छप्पर. १९८८ मध्ये विनिपेगच्या स्पर्धेत हजाराहून जास्त संघ उतरले होते. मी गेलो त्याच वर्षी फेब्रुवारीत, नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या सँड्रा श्मर्लरच्या संघाने सुवर्णपदक जिंकलं होतं. ऑलिम्पिकमध्ये बायकांच्या कर्लिंगचं ते पहिलंच पदक. क्लबात जो तो तिच्याबद्दल असं बोलायचा की जणू घरातलीच पोर. दोनच वर्षांनी, २००० च्या मार्चमध्ये, ती कर्करोगाने गेली. वय छत्तीस. तिचे अंत्यसंस्कार दूरदर्शनवर थेट दाखवले. आबांच्या घरी आम्ही सगळे बसून ते बघितले. गव्हाच्या पोत्यांशी आयुष्य काढलेला तो माणूस टोपी हातात घेऊन बसला होता.

आमची लीग मात्र पदकांची नव्हे. बुधवार संध्याकाळची, मैत्रीची. सहा पट्ट्या, बारा संघ. आमचे चौघे असे: आबा स्किप, म्हणजे कप्तान. मी तिसरा, म्हणजे उपकप्तान. दुसरी एक फिलिपिनो परिचारिका. विनिपेगमध्ये फिलिपिन्सची माणसं खूप. आणि पहिला, शाळेची बस चालवणारा एक युक्रेनी आडनावाचा धिप्पाड गडी. चौघांच्या चार मातृभाषा, आणि खेळाची म्हणून पाचवी.

सामन्याआधी आठही जण एकमेकांशी हात मिळवतात आणि ‘गुड कर्लिंग’ म्हणतात. संपल्यावर पुन्हा हात मिळवतात. पंच नसतो. पुन्हा सांगतो, पंच नसतो. चालत्या दगडाला झाडू लागला की ज्याचा लागला त्याने स्वतः हात वर करून सांगायचं. कोणी बघितलं की नाही हा प्रश्नच नाही. कुणाचा दगड जवळ हे दोन्ही उपकप्तान घराशी उभं राहून नजरेने ठरवतात; अगदीच अडलं तर मोजायचं यंत्र आणतात, आणि तेव्हा बाकीच्यांनी लांब राहायचं. समोरच्याचा नेम चुकला तर टाळी वाजवायची नाही. आपण हरतोय आणि आता जमणार नाही असं वाटलं तर सगळे डाव खेळत बसायचं नाही. हातमोजा काढायचा आणि हात पुढे करायचा. त्यात कमीपणा नाही.

आपल्या कबड्डीच्या मैदानावर रेषेला पाय लागला की नाही ह्यावरून किती शर्ट फाटले ते आठवा. मी पहिली दोन वर्षं वाटच बघत होतो, की कधीतरी भांडण होईल. एकदा खरंच वाटलं, आता होणार. शेवटचा डाव, बरोबरी, समोरच्यांचा शेवटचा दगड सुरेख येऊन मध्यावर थांबला. ते जिंकले. आम्ही हात पुढे केले, तर त्यांच्यातला झाडणारा पोरगा मान हलवत म्हणाला, “माझा ब्रश लागला.” आमच्यातल्या कुणी बघितलं नव्हतं. त्याच्या कप्तानाने दगड उचलून बाजूला केला आणि म्हणाला, “मग तुम्ही जिंकलात.” एवढंच. पोरगा लाल झाला होता खरा.

सामना झाला की वर लाउंजमध्ये जायचं. गोल टेबल, दोन्ही संघ मिसळून बसतात. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिला पेला पाजायचा. पेल्यात काय असतं ते गुरुजनांसमोर सांगत नाही. माझ्यात आल्याचं सरबत असतं. तिथेच मी त्या देशात बोलायला शिकलो असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या वर्षी वहिनी मंगळवारच्या बायकांच्या लीगमध्ये गेली. ती माझ्यापेक्षा बरी खेळते. तिला तीन दिवस गप्प बसावं लागलं असं पुन्हा कधी झालं नाही; झालंच तर मला लागलं.

ह्या लीगचा आणखी एक आवाज आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. झाडणाऱ्यांची मान खाली असते, नजर दगडावर. दगड वळतोय किती, घासायचं कधी, थांबायचं कधी, हे लांबच्या टोकाला घरात उभा असलेला कप्तानच बघू शकतो. तो ओरडून सांगतो. घाई करा, जोरात घासा, ह्यासाठी इंग्रजीत ‘हरी’ म्हणतात. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी सहाही पट्ट्यांवर नुसता गजर: “हरी! हरी! हरी!” पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण वारीत आलो. आबांचा आवाज सगळ्यांत मोठा. शेतात ट्रॅक्टरवरून ओरडायची सवय. त्यांच्या ‘हरी’त तीन ‘ऱ’ असायचे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये, हंगाम संपल्यावर तीन आठवड्यांनी, आबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले. आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. वर्तमानपत्र वाचायचे, विनोदाला हसायचे. पण शब्द हवा असला की यायचा नाही. दुसराच काहीतरी यायचा किंवा नुसता आवाज. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालायला लागले. बोलणं आलं नाही. मग त्यांनी बाहेर पडणंच बंद केलं. मुलगा आला की बरे असायचे, पण दाराची घंटा वाजली की आतल्या खोलीत जायचे. मी शेजारी, पण माझ्यासमोरही दोन-तीनदाच आले.

सप्टेंबरात लीगच्या चिटणीसबाईंचा फोन आला. संघांची नावं नोंदवायची होती. त्यांनी विचारलं, “ह्या वर्षी स्किप म्हणून तुझं नाव लिहू ना?” प्रश्न रास्त होता. कप्तान नसला की उपकप्तान, सगळीकडे असंच. मी म्हटलं, दोन दिवस द्या. दुसऱ्या दिवशी आबांच्या पत्नी, ज्यांना मी इथे मावशी म्हणतो, कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, “तू त्याच्या जागी दुसरा माणूस घेशील तर मला समजेल. पण घेण्याआधी एकदा त्याला विचार. त्याला विचारायचं लोकांनी सोडून दिलंय.”

आम्ही तिघे गेलो. परिचारिकेने सगळी सूत्रं हातात घेतली. तिचा धंदाच तो. ती म्हणाली, “दोन अडचणी आहेत. एक, तुम्हाला वाकून दगड सोडता येणार नाही. त्याला काठी आहे.” ही काठी म्हणजे लांब दांडा, त्याचं टोक दगडाच्या मुठीत अडकतं, उभ्याने चालत जाऊन दगड ढकलता येतो. गुडघे गेलेले पुष्कळ लोक तिने खेळतात. डाव्या हाताने जमेल. “दुसरी, तुम्हाला ओरडता येणार नाही.” इथे खोलीत सगळे गप्प झाले. मग बसवाला म्हणाला, “ह्याने हात वर केला की दगड सोडणारा ओरडेल. सोडणाऱ्याचं तोंड त्याच्याकडेच असतं.” एवढं सोपं होतं, आणि आम्हाला पाच महिने सुचलं नव्हतं, कारण गरजच पडली नव्हती. नाहीतरी कर्लिंगचा कप्तान अर्धं काम हातांनीच करतो. झाडू बर्फावर टेकवून नेम कुठे धरायचा ते दाखवतो, हात पसरून पीळ कुठला द्यायचा ते सांगतो, कुठला दगड मारायचा तो झाडूने ठोकून दाखवतो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाले नाहीत, मान हलवली नाही. उठले आणि तळघराच्या जिन्याकडे गेले. बूट तिथे असायचे.

ऑक्टोबरातल्या पहिल्या बुधवारी समोरचा संघ लीगमधला तगडा होता. त्यांच्या कप्तानाला सगळं माहीत होतं. मला मनातून धास्ती होती ती एकाच गोष्टीची. हे लोक चांगले आहेत. चांगली माणसं दया दाखवतात. सोपे नेम चुकवतील, आम्हाला दोन गुण सोडतील. आबा चाळीस वर्षं हा खेळ खेळलेले, त्यांना पहिल्या दगडाला कळलं असतं. आणि ते दुसऱ्या बुधवारी आले नसते, हे मी तुम्हाला लिहून देतो.

तसं झालं नाही. त्यांनी आम्हाला सोलून काढलं. तिसऱ्या डावात तीन गुण, पाचव्यात चार. सहा डावांनंतर नऊ-दोन. आबांचे काठीने ढकललेले पहिले दगड निम्मे घराच्या अलीकडेच थांबले. सहाव्या डावानंतर त्यांनी फलकाकडे बघितलं, डाव्या हाताने उजव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि डावा हात पुढे केला. समोरच्या कप्तानानेही आपला डावाच हात पुढे केला. वर लाउंजमध्ये त्यांनीच पेला आणून ठेवला. आबा त्या टेबलावर दीड तास बसले. लोक बोलत होते, ते ऐकत होते. एप्रिलनंतर पहिल्यांदा. परतताना गाडीत त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि बोटं दाखवली: नऊ, दोन. आणि हसायला लागले.

तो हंगाम आम्ही खालून दुसरे आलो. पण आबांचं डोकं पूर्वीपेक्षा तेज चालत होतं असं माझं मत आहे. शेवटचा दगड आपल्या हातात असला की त्याला तिकडे ‘हॅमर’ म्हणतात, हातोडा. गुण मिळवला की पुढच्या डावात हातोडा समोरच्याकडे जातो. म्हणून तो हातात असताना नुसता एक गुण घेणं हा तोट्याचा सौदा. दोन घ्या, नाहीतर मुद्दाम शून्य ठेवा आणि हातोडा राखा. पूर्वी मी त्यांच्याशी वाद घालायचो, एक तर एक, पदरात पाडून घेऊ. आता वाद घालायची सोयच नव्हती. त्यांनी झाडू जिथे ठोकला तिथे दगड टाकायचा. बऱ्याचदा त्यांचंच बरोबर निघायचं. हे मला वादात कधी पटलं नसतं.

जानेवारीतली गोष्ट. चौथा डाव. परिचारिकेने दगड सोडला, मी आणि बसवाला झाडायला. दगड किंचित हलका होता. तिने आबांचा हात बघून ओरडायचं, पण सोडताना तिचा तोल गेला आणि ती बर्फावर बसली, तोंडातून आवाज नाही. आम्ही माना खाली घालून नुसते दगडाबरोबर पळतोय, घासायचं की नाही ते कळत नाही. आणि घराच्या बाजूने आवाज आला.

“हरी!”

तीन ‘ऱ’ असलेला. मी मान वर केली नाही, करायची नसतेच. घासत सुटलो. शेजारी बसवाला घासत होता, आणि तो रडत होता की धापा टाकत होता ते मी विचारलेलं नाही. शेजारच्या पट्टीवरचा खेळ थांबला होता, हे मला नंतर कळलं.

दगड पहारेकऱ्याच्या कडेला घासला आणि तिथेच बसला. डाव गेला. आम्ही आबांकडे धावलो, तर ते वैतागून झाडूने त्या दगडाकडे दाखवत होते: उशीर केलात.

आपल्यातले डॉक्टर तिसऱ्या रांगेत मान हलवतायत. त्यांना हे नवीन नाही. आबांच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनीही सांगितलं की आकडे मोजणं, प्रार्थना, शिव्या, वर्षानुवर्षं तोंडात बसलेले शब्द, हे कधीकधी वाचा गेल्यावरही शाबूत राहतात. ठरवून बोलायचं म्हटलं की येत नाहीत, आपोआप येतात. तसंच झालं. घरी मावशींनी ‘म्हण बघू’ म्हटलं की यायचा नाही. बर्फावर यायचा, तोही दर वेळी नाही. पुढे त्यात आणखी दोन-तीन शब्दांची भर पडली. त्यातला एक सभेत सांगण्यासारखा नाही. बाकी बोलणं फारसं आलं नाही. आबा आणखी तीन हंगाम खेळले, ते तेवढ्यावर.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे क्लब बंद झाला, बर्फ वितळवला. परत सुरू झाला तोवर आबांचा पाय साथ देईनासा झाला होता. तेव्हा चिटणीसबाईंनी कप्तान म्हणून माझं नाव लिहिलं. ह्या वेळी आबांनीच मला बोट दाखवून तसं सांगितलं होतं. चौथी जागा परिचारिकेच्या मुलीने घेतली. ती पहिले दोन दगड टाकते आणि आम्हा म्हाताऱ्यांना हळू चालता म्हणून दटावते.

आबा आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. बुधवारी मुलगा त्यांना आणून वर लाउंजमध्ये सोडतो. काचेमागे खालच्या सगळ्या पट्ट्या दिसतात. ते कॉफी घेऊन आमच्या पट्टीसमोर बसतात. मी घराशी उभा राहून नेम कुठे द्यायचा ह्याचा विचार करायला लागलो की वर काचेमागे एक डावा हात हलायला लागतो. मी बघितलं नाही असं दाखवतो. समोरच्या संघांनी आजवर हरकत घेतलेली नाही.

संयोजक घड्याळ दाखवतायत. ह्या मेळाव्यासाठी माझे तीन बुधवार बुडतायत. माझ्या जागी बदली खेळाडू म्हणून तुमची वहिनी उतरली आहे. ती म्हणाली, शाळा तुमची, तुम्हीच जा. आज सकाळी तिचा निरोप आला. सहा-पाच, आपण जिंकलो. खाली लिहिलंय, आबांनी वरून सांगितलं ते सगळं ऐकलं.